माळ्याने मागून घेतलेलं एक वर्ष

काल 1 मे, झेंडावंदन झालं, प्रगतीपुस्तकं वाटली, पोरं पळाली आणि मी रिकाम्या वर्गात बसून राहिले. पाचवीचा वर्ग माझ्याकडे. दोन जण गणितात नापास. पूर्वी असं झालं तरी वर ढकलायचं असायचं, आता नाही. 2023 ला आपल्या राज्याने नियम बदलला, पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाला तर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात आणखी एक वर्ष. ह्यावर स्टाफरूममध्ये महिनाभर वाद चाललाय, मी तिथे नीट बोलू शकले नाही (मला उत्तरं नेहमी रात्री भांडी घासताना सुचतात) म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी लिंबाचं सांगते, कारण भांडण तिथूनच सुरू झालं.

आमचं घर वसईत पश्चिमेला. वाडी म्हणण्याइतकं आता काही उरलं नाही, सात-आठ नारळ, राजेळी केळी, फणस, सोनचाफ्याची सहा झाडं, मोगरा, जास्वंद, आणि घराच्या कोपऱ्यावर 2021 मध्ये लावलेलं लिंबाचं कलम. कलम तिसऱ्या वर्षी तरी फळ धरतं म्हणतात, ह्याने धरलं नाही. पान असं काळंभोर की बघत राहावं, काटे भरपूर आणि फूल शून्य. मिस्टरांचा डोळा त्या जागेवर, त्यांना तिथे स्कूटर लावायचीये. गेल्या उन्हाळ्यात कोयता घेऊन उभेच होते, मी म्हटलं एक वर्ष द्या, मग तोडा.

शेजारच्या काकांनी बघून सांगितलं की तुम्ही त्याला लाडावून ठेवलंय, रोज पाणी मिळतं, ते कशाला फुलेल, डिसेंबरात पाणी तोड. ह्याला ताण देणं म्हणतात, बागायतदारांना नवीन नाही, आंबे बहार (लिंबाचा जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) धरायचा असेल तर हीच रीत. महिनाभर पाणी बंद केलं, पानं पिवळी पडली, गळली, सासूबाई रोज येऊन मला पाप लागेल अशा नजरेने बघायच्या. जानेवारीत आळं खणलं, शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली, आधी थोडं आणि मग भरपूर पाणी. फेब्रुवारीत फुलं आली! बरीचशी गळली पण काही टिकली. मी शाळेत पेढे वाटायचे बाकी ठेवले होते एवढंच.

आता मजा बघा. 23 मार्च, उपवासकाळाचा (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा) तिसरा रविवार, चर्चमध्ये मिस्साला आम्ही चौघं एका बाकावर, आणि शुभवर्तमान काय आलं तर बायबलच्या लूक 13 मधला अंजिराच्या झाडाचा दाखला. मालक तीन वर्षं येतोय, फळ नाही, म्हणतो तोडून टाक, उगाच जागा कशाला अडवायची. मिस्टरांनी मला कोपराने ढोसलं. मी म्हटलं पुढचं ऐका. माळी म्हणतो, धनी, एवढं एक वर्ष राहू द्या, मी त्याच्याभोवती खणतो, खत घालतो, मग धरलं तर बरं, नाहीतर तोडा. रविवारी हे वाचन तीन वर्षांतून एकदाच येतं आणि ते नेमकं ह्या वर्षी आलं. योगायोग म्हणा, मी काही म्हणत नाही.

हे मी हौसेने स्टाफरूममध्ये सांगितलं आणि अडकले. आमचे एक सीनियर सर आहेत, चांगले शिकवतात, पण पोरांना नापास केलंच पाहिजे ह्या मताचे. ते लगेच म्हणाले, बघा मॅडम, तुमचा बायबलचा माळीसुद्धा एक वर्ष जास्तीचं मागतो, आम्ही तेच करतोय, त्याच वर्गात एक वर्ष. आणि तुमच्या लिंबाला ताण दिल्याशिवाय फुलं आली का? पोरांना नापासाची भीती म्हणजे तोच ताण, ती गेली म्हणून सगळा बट्ट्याबोळ झाला. सगळे हसले. मीही हसले. काय बोलणार, उदाहरण माझंच होतं.

सर अगदीच चुकीचं बोलत नाहीत हे आधी मान्य करते. 2009 च्या कायद्याने आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं आणि त्याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी कुणाकडे बघायचंच नाही असा लावला गेला, मीही कधीकधी लावलाय. सहावीत आलेलं पोर दोन अंकी वजाबाकीला बोटं मोजतं तेव्हा आपण पाचवीत काय केलं हा प्रश्न मलाच विचारला पाहिजे. म्हणजे वर ढकलणं ही काही दया नव्हती, ती सोय होती, आमची.

पण आता त्या दोघांतल्या एकाचं सांगते. माझी शाळा पूर्वेला, हायवेच्या पलीकडे, पाड्यांवरची मुलं जास्त. ह्याचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, ह्यालाही नेतात. जूनपासून दिवाळीपर्यंत शाळा, मग गायब. शिमग्याला घरी आले तेव्हा ह्याला आजीकडे ठेवून गेले, म्हणजे माझ्या वर्गात तो परत आला मार्चच्या मध्याला आणि परीक्षा एप्रिलमध्ये. भागाकार त्याला येत नाही. पण हजार विटांचा भाव सांगितला की साडेतीन हजार विटांचे किती हे तो तोंडी, माझ्या आधी सांगतो. कागदावर मांड म्हटलं की गप्प.

ह्याला कसला ताण देऊ? आणि इथेच सरांचं उदाहरण मोडतं. ताण देतात तो वाढलेल्या, खाऊन पिऊन माजलेल्या झाडाला, मुळं खोल गेल्यावर. लहान रोपाचं पाणी तोडलं तर ते फुलत नाही, मरतं. आणि मोठ्या झाडालासुद्धा नुसता ताण देऊन भागत नाही, ताण सोडला की लगेच खणणं, खत, पाणी, हे केलं नाही तर दिलेला ताण नुसता छळ. ह्या पोराचं पाणी तर नोव्हेंबरपासूनच तुटलेलं होतं, त्यात आणखी काय तोडायचं?

माळ्याचंही तसंच. त्याने नुसतं वर्ष मागितलं नाही हो, खणतो आणि खत घालतो असं स्वतःचं काम आधी सांगितलं. आपण त्यातलं 'वर्ष' तेवढं उचललं. नियमातही पुनर्परीक्षेआधी जादा मार्गदर्शन द्या असं आहेच, पण त्या दोन महिन्यांतला दीड महिना शाळेला सुट्टी, मग खणणार कोण? आणि त्याच वर्गात ठेवलेला मुलगा पुन्हा दिवाळीनंतर भट्टीवर गेला तर ते दुसरं वर्ष पहिल्यासारखंच कोरडं. त्याला वर्ष मिळालं असं म्हणायचं का आपण?

असो. मधले दिवस कसे गेले तेही सांगते, कारण ह्या वर्षी सगळं एकमेकांत घुसलं होतं. परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबलेली आणि पवित्र आठवडा (ईस्टरच्या आधीचा) बरोब्बर मध्यात. 13 ला झावळ्यांचा रविवार, झावळीचे क्रूस करत लेक बसलेली आणि शेजारी माझे पेपर. उपवासकाळात वेदीवर फुलं नसतात आणि आमच्याकडे मोगरा फुलतो तो नेमका ह्याच दिवसांत. मग आमची फुलं जातात कुठे, तर शेजारच्या वहिनी पहाटे पाटी भरून लोकलने दादरला नेतात, तिथून चैत्रगौरीला, रामनवमीला, हनुमान जयंतीला. सासूबाईंना ह्याचं फार कौतुक, म्हणतात आपल्या देवाचा उपवास असला तरी झाडाचा नसतो, फुललंय ते कुणाच्या तरी पायाशी जाऊ दे. मला हा विचार कितीतरी प्रवचनांपेक्षा बरा वाटतो.

पाण्याची रड आहेच. मार्च संपला की विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागतं, आजूबाजूची बावखलं (वाड्यांतली जुनी गोड्या पाण्याची तळी) बुजली, त्यावर बिल्डिंगी आल्या, गोडं पाणी मुरणार कुठून. आमच्या वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि इथली हिरवळ वाचवायला लढणारे हरित वसईवाले किती वर्षं आधी हेच ओरडून सांगत होते. फादर 2024 च्या जुलैत गेले. ह्यावर लिहायला बसले तर दुसरी पोस्ट होईल.

ईस्टरला, 20 तारखेला, वेदीवर आमचा सोनचाफा होता. रात्री जागरण, पहाटे फुलं, त्यामुळे दुपारी जेवून सगळे आडवे, फक्त सासूबाई चष्मा लावून योहानाचं शुभवर्तमान वाचत बसलेल्या. मग्दालिया मरिया कबरीपाशी रडतेय आणि समोर उभ्या येशूला ती माळी समजते, ते त्यांनी मोठ्याने वाचलं. मी विचारलं, आई, माळीच का वाटला असेल तिला? तर म्हणाल्या, अगं इतक्या पहाटे झाडांत दुसरं कोण असतं, तुझे सासरे नाही का असायचे. झालं, विषय संपला, पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन घरी आले तर पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी. सासूबाई माळ घेऊन बसलेल्या. आदल्याच दिवशी त्यांना टीव्हीवर बघितलं होतं. धरतीची काळजी घ्या म्हणून 2015 मध्ये त्यांनी जे पत्र लिहिलं त्यावर आमच्याकडे प्रवचनं झाली होती, तेव्हा मिस्टरांनी जोशात दोन चाफे लावलेले. तेच मिस्टर स्कूटरसाठी लिंबू तोडायला निघतात, माणसाचं काय सांगावं.

काल निकाल घेऊन तो पोरगा दारात थांबला. म्हणाला, बाई, म्हणजे मी परत पाचवीत? म्हटलं अजून नाही, जूनमध्ये परत पेपर आहे. तो म्हणाला, विटांची गणितं येतील का? मी म्हटलं, पेपर मी काढणार असेन तर येतील. आजीशी बोलले, मे महिन्यात मंगळवारी आणि शुक्रवारी मी पाड्यावर जाणार आहे, दुसऱ्या मुलालाही बोलवलंय. सरांना सांगितलं तर आधी म्हणाले उन्हाचं कशाला, मग म्हणाले शुक्रवारी मी येतो. येतील की नाही बघू.

लिंबाचं राहिलंच. सगळं गळून शेवटी नऊ लिंबं टिकली होती, सुपारीएवढी, जून-जुलैत तयार होतील. आज सकाळी मोजली तर आठ. मिस्टर शपथ घेऊन सांगतायत मी हात लावला नाही. सासूबाई काहीच बोलत नाहीयेत, पण दुपारच्या वरणाला वेगळाच वास होता.