ड्राय आइसचा डबा 'घट्ट सील' करायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

हा मेसेज सातारा-सांगलीच्या सगळ्या ग्रुपवर फिरून झालाय. सांगलीच्या मावशीने पाठवला तेव्हा मी सोडून दिला. पण परवा महाबळेश्वरजवळच्या भिलारच्या चुलतभावाचा फोन आला, "दादा, थर्माकोलचे डबे आणलेत, ड्राय आइस पुण्यात कुठे मिळेल सांग." म्हणजे गडी कामालाच लागला होता. मी अंधेरीला क्लिअरिंग एजंटकडे (मालाची कस्टमची कामं करणाऱ्याकडे) काम करतो, निर्यातीचा नाशवंत माल रोज बघतो. म्हणून हे लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: फ्रोजन स्ट्रॉबेरी विमानाने लंडन-दुबईला पाठवा, किलोमागे 800 रुपये नफा. वर आकाशात उणे 50 तापमान, त्यामुळे माल आपोआप गोठलेला राहतो. मुंबईपर्यंत डब्यात ड्राय आइस घाला, हवा जाणार नाही असा टेपने घट्ट सील करा, बाहेर फक्त 'फ्रूट' लिहा. कृषी उडान योजनेत भाडं माफ. निर्यातीचं लायसन्स 500 रुपयांत. घरगुती पदार्थांना कुठल्याच देशात कागद लागत नाहीत.

आधी उणे 50. विमानाच्या बाहेर तेवढं असतं, खरं आहे. माल काय पंखाला बांधून नेतात? प्रवासी विमानाचा होल्ड, म्हणजे खालचा सामानाचा कप्पा, प्रवाशांच्या केबिनइतकाच दाबाखाली असतो, आणि तिथलं तापमान बहुतेक वेळा शून्याच्या बरंच वर असतं. लोकांची कुत्री-मांजरं त्याच होल्डमधून जातात आणि उतरल्यावर शेपूट हलवतात. फ्रोजन मालाला उणे 18 लागतं. ते विमान देत नाही, डबा आणि त्यातला ड्राय आइस देतो. शिवाय थंडी तुटते ती आकाशात नाही, जमिनीवर. गोदामातून विमानाजवळ नेलेला माल चढवायची वाट बघत ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या उघड्या जागेवर, उभा असतो. एप्रिल-मे महिन्यातलं मुंबईचं ऊन तिथे कसं लागतं ते एकदा येऊन बघा.

आता ड्राय आइस. बाकी सगळं एकवेळ पैशांचं नुकसान म्हणून सोडून देऊ, हे सोडता येत नाही.

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे 78.5. त्याचं पाणी होत नाही, थेट वायू होतो. एक किलोतून 500 लिटरपेक्षा जास्त वायू निघतो. डब्यात पाच किलो घालून टेपने खरोखर हवाबंद केलं, तर अडीच हजार लिटर वायू जाणार कुठे? डबा फुगतो आणि फुटतो. विमानात फुटला नाही तर भिलारहून निघालेल्या बोलेरोत फुटेल. थर्माकोलचा आवाज होईल, तुकडे उडतील. त्याच जागी प्लास्टिकचा झाकणाचा ड्रम असेल तर माणूस जखमी होईल.

विमानाने माल नेण्याचे धोकादायक वस्तूंचे नियम आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना दरवर्षी छापते. त्यात ड्राय आइसचा नंबर यूएन 1845, वर्ग 9, आणि पॅकिंगची सूचना क्रमांक 954. ती सूचना मेसेजच्या बरोबर उलटं सांगते: वायू बाहेर पडायला वाट ठेवलीच पाहिजे. डब्यावर 'ड्राय आइस', यूएन 1845 आणि ड्राय आइसचं निव्वळ वजन किलोत लिहायचं. वर्ग 9 चं लेबल लावायचं. वरच्या अर्ध्यात काळ्या उभ्या पट्ट्या आणि खाली 9 असं ते कोनावर उभं लेबल. एअरवे बिलावरही, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीवरही, नोंद करायची. काउंटरवर यासाठी वेगळी चेकलिस्ट असते, स्वीकारणारा माणूस ती ओळीओळीने टिक करतो. एक ओळ चुकली की माल परत. 'बाहेर फक्त फ्रूट लिहा' म्हणजे तर धोकादायक वस्तू लपवून विमानात चढवणं. त्याला चूक म्हणत नाहीत, गुन्हा म्हणतात. एका विमानात किती ड्राय आइस घ्यायचा हे एअरलाइन मोजून ठरवते, कारण त्याच होल्डमध्ये एखादं जिवंत जनावर असू शकतं. तुम्ही लिहिलंच नाही तर ते मोजणार काय?

आणि मुंबईपर्यंतचा प्रवास? थंडी टिकावी म्हणून काचा बंद, एसी चालू, मागे 25 किलो ड्राय आइस. खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत डोकं जड व्हायला लागेल, आणि ड्रायव्हरला वाटेल झोप येतेय. गाडीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडला वास नसतो. ड्राय आइस नुसत्या हाताने उचललात तर कातडी भाजल्यासारखी होते ते वेगळंच. 2024 च्या मार्चमध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात मुखवास समजून पाच जणांनी तो तोंडात टाकला आणि रक्ताच्या उलट्या झाल्या, ही बातमी तुम्हीही वाचली असेल.

नफ्याचं गणित. माझ्या भावाने आणलेला डबा बाहेरून 60 बाय 40 बाय 40 सेंटीमीटर. एअर कार्गोत घनफळाचं वजन काढताना तिन्ही मापं गुणून 6000 ने भागतात: 16 किलो. प्रत्यक्ष वजन आणि हे, यातलं जास्त असेल त्याचं भाडं लागतं. आत आठ किलो फळ, पाच किलो ड्राय आइस धरा. म्हणजे भाडं 16 चं, विक्री आठची. चांगल्या डब्यातही दिवसाला दोन ते पाच किलो ड्राय आइस उडून जातो. भिलारहून रात्रभर गाडी, मग कस्टम, मग विमान, मग तिकडचं क्लिअरन्स. पाच किलोत हे बसत नाही. ड्राय आइस वाढवा, फळ कमी होतं.

मुळात फ्रोजन मालाला घाई कसली? उणे 18 ला स्ट्रॉबेरी महिनोन्महिने टिकते. ती न्हावा शेवा बंदरातून रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमधून बोटीने निवांत जाते. तासगावची द्राक्षं तर ताजी असून युरोपला बोटीनेच जातात. विमान परवडतं ते ज्याला दिवस मोजावे लागतात त्या मालाला. ताजी स्ट्रॉबेरी त्यात बसते, हे मान्य. पण मग पहाटे तोडणी, लगेच प्रीकूलिंग (माल झटपट थंड करणं), फायटो सर्टिफिकेट (मालात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) असं सगळं आलं. आणि घरच्या डीप फ्रीजरमध्ये सावकाश गोठवलेली स्ट्रॉबेरी वितळली की लगदा होते, ती लंडनमध्ये कोण घेणार?

कृषी उडानमध्ये सूट आहे, पण ती ठरावीक विमानतळांवर मालवाहू विमानांच्या लँडिंग-पार्किंगसारख्या शुल्काला. शेतकऱ्याचं भाडं माफ, असं त्यात कुठेही नाही.

500 रुपयांचं खरं आहे. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर, डीजीएफटी या केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या साइटवर तेवढ्यात मिळतो. घरचा भाऊ म्हणून सांगतो, काढून ठेवा, तोटा नाही. पण त्यापुढे अपेडा (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था), एफएसएसएआय (अन्नसुरक्षेची संस्था) आणि तिकडचा खरेदीदार उभे आहेतच.

घरगुती पदार्थांचंही अर्धं खरं. अमेरिकेत घरी केलेला पदार्थ एका व्यक्तीने दुसऱ्याला भेट पाठवला तर तिथल्या अन्न-औषध खात्याला, एफडीएला, आधी कळवावं लागत नाही. विक्रीचा माल यात बसत नाही. आणि युरोपियन युनियन भारतातून आलेल्या खासगी पार्सलमधले दुधाचे आणि मांसाचे पदार्थ घेतच नाही. जर्मनीतल्या लेकीला साताऱ्याचे कंदी पेढे कुरिअर करू नका, पकडले तर फेकून देतील.

मेसेजच्या शेवटी एक मोबाइल नंबर आणि 'ऑनलाइन प्रशिक्षण, जागा मर्यादित' असं होतं. नफा कोणाचा ते त्यावरून कळतं.

ज्यांनी ड्राय आइस आणून ठेवलाच असेल त्यांच्यासाठी: झाकण सैल करा, डबा अंगणात किंवा उघड्या ओसरीत ठेवा, पोरांना लांब ठेवा. घरच्या फ्रीजमध्ये कोंबू नका, मोरीत ओतू नका, पाइप तडकेल. एक-दोन दिवसांत आपोआप उडून जाईल.