एसीले माझं लोकेशन काहून पायजे?

कूलरचं बरं होतं बाप्पा. खस बदलायची, टाकीत पाणी भरायचं, बटण फिरवलं की सुरू, आणि आवाज एवढा की घरात कोणी काय बोललं ते बाजूच्या खाटेवरच्याला पण ऐकू येत नव्हतं, म्हणजे प्रायव्हसी फुल.

पण यांना हौस, वायफायवाला एसी आणला. लावायला आलेला पोरगा म्हणतो, ताई, अ‍ॅप टाका आन् लोकेशन अलाऊ करा. आता एसीले माझं लोकेशन काहून पायजे? तो भिंतीवर ठोकलेला, मी त्याच्या खाली बसलेली, मेच्या ४५ डिग्रीत जाऊन जाऊन जाणार कुठे, फार तर बर्डीच्या बाजारात, ते पण संध्याकाळी. भाचा हिंगण्याला इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणे मामी, जुन्या अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथनं जवळची वस्तू शोधायची म्हटली तरी लोकेशनची परवानगी लागते, कारण आजूबाजूच्या सिग्नलवरून माणूस कुठे आहे ते काढता येतं. बरं, हे पटलं. पण अ‍ॅप कॉन्टॅक्ट्स पण मागते, ते काहून? हा काय माझ्या नणंदेला फोन लावून सांगणार आहे, वहिनी १८ वर लावून झोपल्या म्हणून?

आणि गंमत पहा, मी सोफ्यावर, एसी समोर, पण फोनवरून 'बंद' दाबलं की ते आधी कुठल्याशा सर्व्हरला जाऊन मग इकडे येतं. म्हणजे आम्ही झोपतो कधी, उठतो कधी, घराला कुलूप कधी, सगळं त्याला ठाऊक. गावाला जाताना आम्ही दूधवाल्याशिवाय कोणाला सांगत नाही हो!

मग भाच्यानं टीव्हीचं काढलं. म्हणे स्मार्ट टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे ठसे घेऊन आपण काय पाहून राहिलो ते ओळखतो, सेट टॉप बॉक्सवरून लावलं तरी. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीनं १ कोटी १० लाख टीव्हींवरून लोकांना नीट न सांगता असं गोळा केलं, २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले. त्याच वर्षी आपल्या सुप्रीम कोर्टानं नऊ जज बसवून प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं. पण आमचा टीव्ही आला तेव्हा मॅचचा टॉस होऊन राहिला होता, पडद्यावर हे लांबलचक इंग्रजी, खाली 'सगळं मान्य', आणि अख्खं घर ओरडलं, अबे दाब ना! यांनी दाबलं. हक्क गेला पॉवरप्लेच्या आधीच.

सासूबाई इतका वेळ गहू निवडत होत्या. हळूच विचारतात, "म्हणजे मी दुपारी काय पाहते ते त्याले समजते?" भजनी मंडळात त्यांनी सांगून ठेवलंय की मी फक्त कीर्तन लावते. मग काय, भाच्याला तेव्हाच्या तेव्हा कामाला लावलं. तो सेटिंगच्या आत सेटिंग, त्याच्याही आत कुठेतरी शिरला, चहा गार झाला तरी बाहेर येईना, शेवटी सापडलं आणि बंद केलं. तेवढ्यानं त्यांचं समाधान होते का, रिमोटच्या माइकच्या भोकावर स्वतः चिकटपट्टी लावली, वरून एक टिकली.

आता रोज दुपारी त्या रिमोट तोंडाशी धरून सिरियलचं नाव ओरडतात, टीव्ही ढिम्म, आणि मग आतून मला आवाज येतो, "चोरून बरा ऐकत होता मेला, आता सांगून राहिली त बहिरा झाला!"