कॅम्पर डीलरने चढवला, म्हणून वजन डीलरचं?

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो तीन ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: पिकअपच्या हौद्यात बसणारा कॅम्पर, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेला डबा, बिनधास्त घ्या. डीलर तुमचा ट्रक (इथे पिकअपलाच ट्रक म्हणतात) बघूनच कॅम्पर चढवून देतो, तेव्हा जबाबदारी त्याची. ट्रकने किती वजन न्यावं हा दारावरच्या स्टिकरचा आकडा कंपनीच्या वकिलांनी काढलेला असतो, ट्रक प्रत्यक्षात दीडपट पेलतो. फार तर मागच्या स्प्रिंगांना आधार द्यायला एअरबॅग, म्हणजे हवेच्या पिशव्या, टाका. पोलीस तसंही वजन बघत नाहीत. आणि शेवटी हसरा चेहरा: ‘गावाकडे पिकअप दुप्पट कांदा नेतेच की!’

चार वर्षांपूर्वी आला असता तर मीही हा मेसेज पुढे ढकलला असता. कारण मी नेमकं हेच केलं होतं.

आधी जबाबदारीचं बघू, कारण बाकी सगळा मेसेज त्याच खुंटीवर टांगलेला आहे. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत पिकअप आणि कॅम्पर या जोडीसाठी वेगळं कलम आहे. कॅम्पर बनवणाऱ्याने कॅम्परवर लेबल लावायचं: इतकं पाणी, इतका गॅस, अमुक मापाचा फ्रीज धरून जास्तीत जास्त वजन इतकं, वरच्या जादा सामानाचं वजन मॅन्युअलमध्ये बघा. ट्रक बनवणाऱ्याने सांगायचं की या ट्रकवर कॅम्पर चालतो का, चालत असेल तर किती वजनाचा, आणि त्याचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठून कुठपर्यंत आला पाहिजे. कॅम्परसाठी ट्रक योग्य नसेल तर तसंही लिहायचं. म्हणजे दोन्ही कारखान्यांनी आपापला आकडा देऊन ठेवलेला असतो. बेरीज कोणी करायची? ती करू शकेल असा माणूस एकच, किल्ली फिरवणारा. टाकीत पाणी किती भरलं, मागच्या सीटवर कोण बसलं, सासूबाई सोबत आहेत की नाहीत, हे डीलरला कुठून कळणार?

डीलर धुतल्या तांदळासारखा असतो असं मी म्हणत नाही. माझ्या डीलरने ‘हाफ-टनला (पिकअपमधला सगळ्यात हलका वर्ग, माझा ट्रक त्यातलाच) अगदी फिट’ म्हणून सांगितलं, ट्रककडे नीट बघितलंही नाही. खोटं सांगून विकलं तर राज्याच्या ग्राहक कायद्याखाली त्याला खेचता येतं. नव्या ट्रकवर विक्रीआधी त्याने 100 पौंड किंवा ट्रकच्या कमाल वजनाचा दीड टक्का, यातलं जे कमी त्याहून जास्त सामान जोडलं, तर दारावरचा आकडा दुरुस्त करणंही नियमाने बंधनकारक आहे. पण हे सगळं नंतरचं. उतारावर ब्रेक लागला नाही आणि तुम्ही पुढच्या गाडीवर आदळलात, तर दाव्यात पहिलं नाव तुमचंच येतं. डीलरचं आलंच तर त्यानंतर, आणि त्याने काय सांगितलं होतं ते सिद्ध करायची वेळ येते तेव्हा काउंटरवरच्या तोंडी गप्पा फारशा कामाच्या नसतात.

आता ‘वकिलांचा आकडा’. माझ्या ट्रकच्या दारावर लिहिलंय की माणसं आणि सामान मिळून वजन 1,563 पौंडांवर जाऊ नये. माणसांत ड्रायव्हरही आला. कॅम्परच्या ब्रोशरमध्ये वजन 1,390 पौंड. मी खूश, 173 पौंड शिल्लक! पण ब्रोशरमधलं वजन कोरडं असतं, दुकानात उभ्या असलेल्या रिकाम्या डब्याचं. त्यावर छतावरचा एसी 80, बॅटरी 60, ट्रकला कॅम्पर बांधायचे ब्रॅकेट आणि साखळ्या 80. पाण्याची टाकी 20 गॅलनची, गॅलनला 8.34 पौंड, म्हणजे 167. गॅसचं नळकांडं भरलेलं 37. झाले 1,814, आणि अजून कोणी गाडीत बसलेलंही नाही. आम्ही चौघं 560. कपडे, खुर्च्या, कुकर, पोळपाट, तांदळाची पिशवी (बायको म्हणाली, डोंगरात काय मिळणार?) धरून 250. एकूण 2,624.

हे गणित मी नंतर केलं. आधी ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गेलो, तेही मागचा भाग बसल्यामुळे हेडलाइट आभाळाकडे बघायला लागले होते म्हणून. काट्याच्या चिठ्ठीवर पुढच्या ॲक्सलवर 3,080, मागच्यावर 5,020, एकूण 8,100 पौंड. ट्रकच्या स्वतःच्या वजनासकट कमाल मर्यादा 7,050, मागच्या ॲक्सलची 4,050. मग टायर बघितले. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, एका टायरने पेलायचं कमाल वजन लिहिलेलं: 2,756 पौंड. पण प्रवासी गाडीच्या प्रकारचा टायर पिकअपला लावला तर तो आकडा 1.1 ने भागायचा असतो, उरतात 2,505. दोन टायरांचे मिळून 5,010. मी 5,020 वर होतो, आणि दोन तासांपूर्वी मुलांना ‘बघा, बाबांनी काय गाडी घेतली’ असं सांगत होतो.

कंपनी थोडी सवड ठेवते, हे खरं. पण ती खड्ड्यासाठी, तापलेल्या ब्रेकसाठी, दहा वर्षं गंजलेल्या स्प्रिंगसाठी असते. ती किती आणि कुठल्या भागात आहे हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्यातून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सात टक्क्यांचा उतार मैलोन् मैल चालतो. वजन मर्यादेपेक्षा 15 टक्के जास्त, म्हणजे त्याच वेगावरून थांबायला ब्रेकना 15 टक्के जास्त उष्णता गिळावी लागते. त्या घाटात जळक्या ब्रेकचा वास एकदा घेतलेला माणूस ‘दीडपट’ हा शब्द हलक्याने वापरत नाही.

एअरबॅगबद्दल दोनच ओळी. बसलेली गाडी त्याने सरळ होते, हेडलाइट रस्त्याकडे येतात. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर होते तेच राहतात, आणि एअरबॅग बनवणारेच आपल्या पुस्तिकेत लिहितात की वाहनाची मर्यादा ओलांडू नका.

पोलीस सहसा खासगी कॅम्परचं वजन बघत नाहीत, हे मान्य. वजनकाट्यांचा रोख मालवाहू ट्रकांवर असतो. पण दंड झाला नाही म्हणजे दोष नाही, असं अपघातानंतर कोणतंही कोर्ट म्हणत नाही. याच्या उलट टोकाची एक अफवाही फिरते, की वजन जास्त असलं तर विमा कंपनी दमडी देणार नाही. हेही खरं नाही. लायबिलिटी विमा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा, मुळात निष्काळजीपणासाठीच असतो, नुसत्या जास्त वजनाने तो आपोआप रद्द होत नाही. भीती वेगळी आहे. नुकसान पॉलिसीच्या मर्यादेच्या वर गेलं, की पुढची रक्कम तुमच्या घरावर येते.

राहिला गावाकडचा कांदा. भारताच्या मोटार वाहन कायद्याचं कलम 194 जरा वाचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये दंड, शिवाय जादा टनामागे 2,000, आणि जास्तीचा माल उतरवायचा. दंड कोणाला? जो चालवतो, जो चालवायला लावतो आणि जो चालवू देतो, त्याला. पिकअप दुप्पट कांदा नेते ती अंमलबजावणी ढिली म्हणून, ट्रक पेलतो म्हणून नव्हे. आणि गंमत अशी, की ‘डीलर जबाबदार’ म्हणणाऱ्याला हवी तशी जबाबदारीची वाटणी गावाकडच्याच कायद्यात आहे. तरी त्या यादीत पहिला चालवणाराच.

मी तो कॅम्पर पुढच्या वसंतात तोट्यात विकला. नंतर वन-टन, म्हणजे जास्त वजन पेलणाऱ्या वर्गातला, ट्रक घेतला आणि दुसऱ्या एका डीलरकडे गेलो. आवडलेल्या कॅम्परसमोर उभं राहून म्हटलं, माझ्या दाराचा आकडा हा. भरल्या टाकीसकट याचं वजन आणि ‘या ट्रकला चालेल’ एवढं बिलावर लिहून सही करा. विक्रेता बराच वेळ स्टिकरकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘तसं आम्ही लिहून देत नाही, सर. ते तुम्ही बघायचं असतं.’