‘घात बघा, सममिती सांगा’: ही युक्ती कुठे कुठे फसते

परीक्षा जवळ आली की एक युक्ती फिरू लागते: ‘समीकरणातले घात बघा. सगळे सम असले तर आलेख य-अक्षाभोवती सममित, सगळे विषम असले तर आरंभबिंदूभोवती. आरंभबिंदूभोवती सममित म्हणजे दोन्ही अक्षांभोवतीही आलाच. यातलं काही जमलं नाही तर सममितीच नाही. आणि क्ष-अक्षात प्रतिबिंब हवं तर क्षचं चिन्ह बदला.’

शेवटचं आधी निकालात काढू. (३, ४) चं क्ष-अक्षातलं प्रतिबिंब (३, −४). अक्ष या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक असतो आणि मध्यबिंदू (३, ०) येतो. म्हणजे बदलतो तो य.

‘सगळे घात विषम.’ य = क्ष³ + १ घ्या. दिसणारा घात ३, म्हणून मुलं बेधडक ‘आरंभबिंदू’ लिहितात. पण (१, २) आलेखावर आहे आणि (−१, −२) नाही; क्ष = −१ ला य = ० येतो. स्थिर पदाचा घात शून्य, म्हणजे सम, हे मोजायचंच राहून जातं. हा आलेख (०, १) भोवती सममित आहे. दोन्ही चलं एकाच पदात आली तर युक्ती आणखी गोत्यात येते: क्ष² + क्षय + य² = ३ मध्ये घात सुटे मोजून काही कळत नाही. क्षच्या जागी (−क्ष) आणि यच्या जागी (−य) ठेवा. समीकरण जसंच्या तसं राहतं, म्हणजे आरंभबिंदूभोवती सममिती आहे.

‘म्हणजे दोन्ही अक्षांभोवतीही.’ त्याच वक्रावर (१, १) आहे, (−१, १) नाही. तिथे डावी बाजू १ येते. दावा इथेच संपला. उलट दिशेने मात्र खरं आहे: दोन्ही अक्षांभोवती सममिती असेल तर (अ, ब) वरून (अ, −ब) आणि तिथून (−अ, −ब) मिळतोच.

‘नाही तर सममितीच नाही.’ हे सर्वांत घातक. य = क्ष² − ६क्ष + ५ दोन्ही कसोट्यांत नापास होतं, तरी क्ष = ३ ही रेषा त्याचा सममिती अक्ष आहे. क्ष = २ आणि ४ ला य = −३, १ आणि ५ ला य = ०. क्षच्या जागी (६ − क्ष) ठेवून कंस सोडवा, तेच समीकरण परत येतं. त्रिघातीचंही तसंच: य = क्ष³ − ३क्ष² + ५ हा (१, ३) भोवती सममित आहे. क्ष = १ + ह ठेवल्यावर य = ३ + (ह³ − ३ह) मिळतं, आणि कंसात फक्त विषम घात उरतात.

एक-दोन बिंदू तपासून ‘सममित’ लिहिणंही धोक्याचं. य = क्ष³ − क्ष मध्ये क्ष = १ आणि −१, दोन्हींना य = ०; वाटतं, य-अक्षच. २ ठेवा: ६. −२ ठेवा: −६. एका बिंदूने सममिती खोडता येते, सिद्ध करता येत नाही. आणि −क्ष ठेवताना कंस विसरू नका: (−क्ष)² म्हणजे क्ष², −क्ष² नव्हे. निम्मे गुण तिथेच जातात.