‘रायफलच्या बॅरलला आटे पाडणं? अर्ध्या तासाचं काम!’ : या मजकुराला उत्तर

लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा गोल फिरवत कापायच्या यंत्रावर, काम करणाऱ्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. सोबत अमेरिकेतला छोटा व्हिडिओ आहे. गॅरेजमधला लेथ, त्याच्या चकमध्ये (पकडीत) धरलेली शिकारी रायफलची बॅरल, तोंडावर आटे पडतात, मझल ब्रेक फिरवून बसवला जातो, झालं. खाली लिहिलंय: ‘बोल्टला आटे पाडता येतात त्याला हे अर्ध्या तासाचं काम. लेथ नसेल तर डायनेही होतं, कुठल्याही बॅरलला चालतं. ब्रेक बसवला की धक्का जवळजवळ संपतो, नेम सुधारतो, आवाजात फरक पडत नाही. अमेरिकेत याला कसलाही कायदा आडवा येत नाही, आपल्याकडेच उगाच बाऊ.’

मी टर्नर आहे. शिकलो पुण्यात, आता अमेरिकेत एका परवानाधारक गनस्मिथच्या, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याच्या, शॉपमध्ये लेथवर असतो आणि हे काम माझ्या हाताखालून जातं. या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि काही वाक्यांनी माणसाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मझल ब्रेक म्हणजे बॅरलच्या तोंडावर बसणारा पोकळ तुकडा, त्याच्या बाजूंना भोकं किंवा खाचा. गोळी मधल्या भोकातून सरळ निघून जाते, तिच्यामागून येणारा तापलेला गॅस बाजूला, काही ब्रेकमध्ये थोडा मागेही, वळवला जातो. त्यामुळे रायफलचा मागे बसणारा धक्का कमी होतो. ब्रेक बसवायचा तर बॅरलच्या तोंडावर बाहेरून आटे लागतात.

‘बोल्टला पाडतो तसेच आटे’

बोल्ट भरीव असतो. त्याचा मध्य बाहेरच्या व्यासावरून ठरतो, चकमध्ये धरला की निम्मं काम झालं. बॅरलचं तसं नाही. गोळी बाहेरच्या अंगावरून धावत नाही, आतल्या लांब भोकातून, म्हणजे बोअरमधून, धावते. त्यामुळे आटे बाहेरच्या व्यासाशी नाही, बोअरशी एकमध्य असावे लागतात. सगळी गोम इथे आहे आणि व्हिडिओत नेमकं हेच गाळलंय.

दोन्ही एकच ना, असं वाटेल. नाहीत. बॅरलचं भोक लांब ड्रिलने पाडतात. आठ मिलिमीटरच्या आतला व्यास आणि दोन फुटांच्या आसपास खोली. एवढ्या खोलीत ड्रिल थोडं तरी भरकटतंच. मग दोन टोकांना सेंटर देऊन बाहेरचं अंग टर्न करतात, म्हणजे टोकं जुळतात, पण मधे बोअर किंचित वाकलेलं राहू शकतं. परिणामी तोंडाजवळच्या शेवटच्या दोन इंचांत बोअरची दिशा बाहेरच्या अंगाला समांतर असेलच याची खात्री नाही. वर तीन जबड्यांचा चक बाहेरूनच धरतो आणि स्वतःचा रनआउट, म्हणजे फिरताना मध्यापासून होणारी हलकीशी डगमग, त्यात मिळवतो.

किती फरकाने बिघडतं ते आकड्यात बघा. ब्रेकचं भोक साधारणपणे गोळीच्या व्यासापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर मोठं ठेवतात. म्हणजे गोळीच्या चारी बाजूंना पाव मिलिमीटर मोकळी जागा. ब्रेकची लांबी ५० मिलिमीटर धरा. आट्यांचा अक्ष बोअरपासून फक्त ०.३ अंश कलला तर ब्रेकच्या पुढच्या टोकाला मध्य ०.२६ मिलिमीटर सरकतो. मोकळी जागा संपली. गोळी ब्रेकच्या कडेला घासणार किंवा सरळ आदळणार. ०.३ अंश डोळ्यांना दिसत नाहीत, ब्रेक बसवून लांबून पाहिलं तरी दिसत नाहीत.

म्हणून नीट काम करणारा बॅरल हेडस्टॉकमधून, म्हणजे लेथच्या फिरत्या डोक्यातून, आरपार घेतो. पुढे चार जबड्यांचा चक, मागच्या टोकाला चार स्क्रूंचा आधार, आणि लांब टोकाचा डायल (बारीक फरक सुईने दाखवणारं मापक) थेट बोअरमध्ये. स्पिंडल हाताने हळूहळू फिरवायचा. बोअरमध्ये गोळीला फिरकी देणाऱ्या नागमोडी खाचा असतात, त्यांना रायफलिंग म्हणतात; त्यातली खाच आली की सुई खाली जाते, उंचवटा आला की वर येते, त्यामुळे खाच खाचेशी आणि उंचवटा उंचवट्याशी ताडून पाहावा लागतो. तोंडाशी शून्य आलं म्हणून भागत नाही. डायल इंचभर आत सरकवायचा, तिथे सुई हलली की मागचे स्क्रू हलवायचे, ते हलवले की पुढचं बिघडतं, पुन्हा पुढचं. दोन्ही ठिकाणी सुई थांबेपर्यंत हे चालतं. खरा वेळ इथे जातो. नंतर टूल लावून आटे काढणं हा त्या मानाने चटकन उरकणारा भाग आहे, आणि व्हिडिओत तेवढाच भाग दिसतो.

डायने आटे पाडण्याबद्दल एवढंच सांगतो: हातातली डाय, म्हणजे फिरवून आटे कापायची कडी, तिला जिकडे सोपं जाईल तिकडे कलते. पाइपाला चालतं. जिथे ०.३ अंशांत गोळी ब्रेकवर आदळते तिथे अजिबात चालत नाही.

आटे झाले म्हणून काम संपत नाही. ब्रेक खरा टेकतो तो आट्यांच्या मागच्या खांद्यावर, आणि तो खांदा बोअरला अचूक काटकोनात नसेल तर आटे कितीही सुरेख असोत, घट्ट आवळताना ब्रेक एका बाजूला ओढला जातो. शेवटी तोंडाची कड, जिला क्राउन म्हणतात, ती पुन्हा तपासायची, दुखावली असेल तर नव्याने कापायची. गोळीला बॅरलचा शेवटचा स्पर्श तिथे होतो. तिथे एका बाजूला बारीकसा चरा असला तरी गॅस त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला कडेने ढकलतो.

दुसरीकडे डायने आटे पाडून घेतलेली एक रायफल आमच्याकडे आली होती. तक्रार एवढीच की गोळ्या एका जागी पडत नाहीत. ब्रेक उतरवून उजेडात धरला. पुढच्या भोकाच्या एका कडेला तांब्याची पुसट लाल रेघ, चंद्रकोरीसारखी, बाकीची कड काजळीने काळी. प्रत्येक गोळी जाताना तिथे आपल्या आवरणातलं तांबं सोडून जात होती. अजून थोडा कल असता तर ब्रेकचे तुकडे शेजाऱ्याच्या अंगावर गेले असते.

ही अडचण फक्त गॅरेजवाल्यांची आहे असंही समजू नका. २०१७ मध्ये पोखरणच्या चाचण्यांत ‘धनुष’ या १५५ मिलिमीटर तोफेचा गोळा मझल ब्रेकला लागला होता, आणि त्या वेळी ही बातमी देशभर छापून आली. तिथे तर कारखाना, तपासणी खातं, लष्कर, सगळे होते.

‘कुठल्याही बॅरलला चालतं’

चालत नाही. अमेरिकेत .३० कॅलिबरच्या रायफलींना ५/८-२४ हा आटा रूढ आहे, म्हणजे बाहेरचा व्यास १५.८७५ मिलिमीटर आणि इंचाला २४ आटे. डोंगरात वाहून न्यायला हलक्या केलेल्या कित्येक रायफलींचं तोंड १४-१४.५ मिलिमीटरचंच असतं. त्यांच्यावर हा आटा बसणारच नाही. लहान आटा घ्यावा तर भिंतीला धातू किती उरतो आणि टेकायला खांदा किती मिळतो ते आधी मोजावं लागतं. काही बॅरलना नाहीच म्हणावं लागतं.

‘धक्का जवळजवळ संपतो’

कमी होतो, आणि मोठ्या काडतुसांत चांगलाच कमी होतो. ब्रेक निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. पण संपत नाही. का ते हिशोबानेच पाहू.

.३०० विनचेस्टर मॅग्नम हे काडतूस घ्या. गोळी साधारण ११.७ ग्रॅम, वेग सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास, म्हणजे संवेग सुमारे १०.५ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. दारू साधारण साडेचार ग्रॅम. तिचा गॅस गोळीपेक्षा जास्त वेगाने उसळतो. त्याचा सरासरी वेग १३०० मीटर धरला तर त्याचा वाटा सुमारे ५.९. एकूण १६.४, त्यात गॅसचा वाटा एक तृतीयांशाहून थोडा अधिक. गोळीच्या वाट्याला ब्रेक हात लावू शकत नाही, कारण गॅस ब्रेकमध्ये पसरेपर्यंत गोळीने आपला धक्का देऊन झालेला असतो. गॅसचाही बॅरलच्या आत दिलेला भाग, इथे सुमारे २, हाताबाहेरचाच. उरले ३.९. हे सगळे बाजूला वळवून शून्य केले तर धक्क्याचा संवेग १६.४ वरून १२.५ वर येतो आणि धक्क्याची ऊर्जा ४० टक्क्यांच्या आसपास घटते. गॅस थोडा मागे वळवणारे ब्रेक निम्म्यापर्यंत नेतात. खांद्याला हा फरक खूप जाणवतो, पण उरलेला निम्मा धक्का खांद्यावरच बसतो.

याच हिशोबातून हेही कळतं की लहान काडतुसांत ब्रेकला काम फारसं उरत नाही. स्पर्धेतल्या .२२ रायफलीची गोळी २.६ ग्रॅमची आणि दारू जेमतेम ०.१ ग्रॅम. वळवायला गॅसच नाही. आपल्याकडचे काही तरुण नेमबाज .२२ ला ब्रेक लावावा का असं विचारतात, त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी: आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत रायफलवर मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर (गॅस वर वळवून तोंड उचललं जाणं रोखणारा तुकडा) दोन्हींना मनाई आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं ते याच नियमांत राहून, ब्रेकशिवाय.

‘नेम सुधारतो’

रायफलचा नाही. धक्का कमी झाला की माणूस ट्रिगर दाबताना दचकत नाही, दुर्बिणीत लक्ष्य दिसत राहतं, गोळी कुठे लागली ते स्वतःला बघता येतं. हा फायदा खरा आहे आणि तो माणसाचा आहे. बॅरलच्या टोकावर मात्र नवं वजन लटकलेलं असतं, तिचं थरथरणं बदलतं, गोळी पूर्वीपेक्षा वेगळ्या ठिकाणी जाते. ब्रेक बसवला की दुर्बीण पुन्हा जुळवायची, काढला तरी पुन्हा जुळवायची.

‘आवाजात फरक पडत नाही’

या वाक्याने मला खरोखर राग येतो.

ब्रेक आणि सायलेन्सर यांची इथे गल्लत झाली आहे. दोन्ही बॅरलच्या तोंडावर बसतात, दोन्हींना तोच आटा चालू शकतो, म्हणून लोकांना ते भाऊ-भाऊ वाटतात. काम मात्र उलटं. सायलेन्सर गॅस अडवून, पसरवून, थंड करून हळू सोडतो. ब्रेक तोच गॅस आहे त्या दाबाने बाजूला आणि मागे फेकतो. एरवी पुढे जाणारा स्फोटाचा दणका नेम धरणाऱ्याकडे आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला उभ्या माणसांकडे वळतो.

अमेरिकी कामगार सुरक्षा नियमांत अशा क्षणिक दणक्यासाठी १४० डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. शिकारी रायफल ब्रेकशिवायही १५५ ते १७० च्या पट्ट्यात असते. ब्रेक लावला की नेम धरणाऱ्याच्या कानाशी त्यात आणखी भर पडते, बाजूला उभ्या माणसाच्या कानाशी तर जास्तच. ‘पाच-सहा डेसिबलने काय होतं?’ असं विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ६ डेसिबल वाढले की आवाजाच्या लाटेचा दाब दुप्पट होतो. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज पकडतात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यानंतर कानात कायमची शिट्टी, आणि गर्दीत समोरच्याचं बोलणं कळेनासं होणं.

कानात फोमचे बोळे आणि वर इअरमफ असं दोन्ही घातलं तरी दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही. चांगल्या एका साधनापेक्षा साधारण पाच डेसिबल जास्त संरक्षण मिळतं, एवढंच. तरीही ब्रेक असेल तर दोन्ही घालायचं, सराव असो की शिकार. शिकारीत कुणी घालत नाही ही खरी अडचण. जनावराची चाहूल ऐकायची असते म्हणून कान उघडे, आणि बाजूला वाटाड्या वाकून दुर्बिणीतून बघत असतो, त्याचेही उघडे. धक्का कमी झाल्याचा आराम एकाला आणि कान जातो दुसऱ्याचा. कित्येक वाटाडे ब्रेकवाल्या रायफलीला नाही म्हणतात ते याच कारणाने. जो मजकूर ‘आवाजात फरक नाही’ म्हणतो, तो या माणसांना बोळेसुद्धा न घालता शेजारी उभं करतो.

‘अमेरिकेत कसलाही कायदा आडवा येत नाही’

स्वतःच्या साध्या शिकारी रायफलीवर ब्रेक बसवण्यासाठी केंद्राकडे नोंदणी लागत नाही, एवढं खरं. पण दुसऱ्याच्या बंदुकीवर धंदा म्हणून काम करायचं तर गनस्मिथला केंद्राचं लायसन्स लागतं. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढची आपोआप भरणाऱ्या, रायफलींची गोष्ट आणखी वेगळी. १९९४ ते २००४ या काळातल्या केंद्रीय बंदीत फ्लॅश सप्रेसर (तोंडाशी उडणारी ज्वाळा कमी करणारा तुकडा) किंवा तो बसवण्यासाठी आटे पाडलेली बॅरल हे बंदीचं एक लक्षण धरलं होतं. न्यूयॉर्क राज्याच्या २०१३ च्या कायद्यात तर मझल ब्रेकचं नावच आहे. एका राज्यात चालणारी रायफल शेजारच्या राज्यात गुन्हा ठरू शकते.

‘आपल्याकडेच उगाच बाऊ’ हे वाचून शिरोलीत, भोसरीत किंवा सातपूरला लेथ चालवणारा एखादा तरुण मोहात पडेल याची मला जास्त काळजी वाटते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय कोणतंही अग्निशस्त्र बनवणं, त्यात बदल करणं किंवा ते दुरुस्त करणं हा गुन्हा आहे. बंदूक मालकाच्या लायसन्सची असली तरी लेथवाल्याकडे स्वतःचा परवाना लागतो, मालकाचा कागद त्याच्या कामाला येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. ओळखीतल्या कुणी ‘जरा तोंडाला आटे काढून दे’ म्हणत बॅरल आणली, तर ती चकमध्ये धरायचीच नाही, शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानाचा पत्ता सांगून परत पाठवायची.