सम डिस्टिंक्ट लावलं की रामबागेतल्या आजी गायब होतात

नमस्कार. मागचा लेख होता सर्वेक्षणातल्या अनेक उत्तरांच्या प्रश्नाचे टक्के एसक्यूएल क्वेरीने कसे काढायचे यावर, तेही वेट लावून (वेट म्हणजे एका माणसाला बेरजेत किती माणसांइतकं धरायचं तो आकडा). त्यावर तुम्ही लिहिलंत, "भिया, एवढा लांब कारभार कशाला? सम डिस्टिंक्ट वेट लिहा, एका शब्दात काम होतं. आणि तुमच्याच तक्त्यातल्या टक्क्यांची बेरीज २०० येते. शिवाय ज्यांना प्रश्न विचारलाच नाही, तेही भाजकात दिसतात." तीन आरोप आहेत. त्यातला शेवटचा मला मान्य आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

लेखातलंच उदाहरण परत घेऊ. माणसं तीन, प्रश्न एक: बाहेर नाश्त्याला काय खाता? पहिल्याचं वेट २, तो पोहे, जिलबी, कचोरी तिन्ही खातो (आपल्या इंदुरात हा माणूस काल्पनिक वाटायचं कारण नाही). दुसऱ्याचं वेट १, तो फक्त पोहे खातो. तिसऱ्याचंही वेट १, तो फक्त कचोरी. एकूण वेट ४. माणसांच्या टेबलाला उत्तरांचं टेबल (दर उत्तराला एक ओळ) जोडलं की पहिला माणूस तीन ओळींत येतो आणि सरळ बेरीज ८ होते. पोहेवाले ३ भागिले ८, म्हणजे साडेसदतीस टक्के. खरं उत्तर ३ भागिले ४, पंचाहत्तर.

आता तुमचा एक शब्द लावू. डिस्टिंक्ट माणसं बघत नाही, आकडे बघतो, आणि सारखे आकडे एकदाच धरतो. त्याला २ आणि १ एवढेच दिसतात, बेरीज ३. पोहेवाल्यांचीही बेरीज ३. म्हणजे शंभर टक्के इंदूर पोहे खातं! ऐकायला बरं वाटतं, पण कचोरीवाला गेला कुठे?

यावर तुमचं म्हणणं, खऱ्या डेटात वेट सहा दशांश स्थळांपर्यंत असतं, दोघांचं जुळणार कसं. अहो, ते जुळतंच, योगायोगाने नव्हे. वेट काढतात कसं? वय आणि स्त्री-पुरुष असे गट पाडायचे, लोकसंख्येतला गटाचा वाटा नमुन्यातल्या वाट्याने भागायचा, आणि तो भागाकार गटातल्या प्रत्येकाला द्यायचा. फोनवर विजयनगरची पोरं पटकन सापडली आणि रामबागेतल्या आजी कमी सापडल्या, तर त्या सगळ्या आजींना एकच मोठं वेट मिळतं. दशांश सहा असोत की सोळा, त्यांच्यात आकडा एकच. सम डिस्टिंक्ट त्या सगळ्यांची मिळून एक आजी करतो. ज्यांचा आवाज वाढवायला वेट लावलं, त्यांनाच आधी गप्प करतो.

म्हणून तो लांब कारभार. भाजक काढताना उत्तरांच्या टेबलाला हातच लावायचा नाही. अंशासाठी आतल्या क्वेरीत आयडी आणि वेट मिळून डिस्टिंक्ट घ्यायचं किंवा एक्झिस्ट्स (अशी ओळ आहे का, एवढंच तपासणारं) वापरायचं, म्हणजे माणशी एक ओळ राहते. बेरीज त्यानंतर.

२०० टक्क्यांचं म्हणाल तर पोहे ७५, कचोरी ७५, जिलबी ५०. एकाला अनेक उत्तरं देता येत असतील तर बेरीज शंभरावर जाणारच, त्यात दोष नाही. तक्त्यातल्या एकाच उत्तराचा टक्का शंभरावर गेला की मात्र दचकायचं. जिलबी आणि कचोरी 'हलवाईकडचं' म्हणून एकत्र करा आणि उत्तरांच्या टेबलातल्या ओळी तशाच बेरजेला घाला: २, २ आणि १, म्हणजे ४ पैकी ५, सव्वाशे टक्के. पहिला माणूस दोनदा मोजला गेला. खरं उत्तर पुन्हा पंचाहत्तर.

आता तुमचा बरोबर मुद्दा. "बाहेर खातच नाही" म्हणणाऱ्यांना हा प्रश्न पुढे विचारतच नाहीत, आणि माझ्या भाजकात तेही होते. तीन माणसांच्या खेळात ते दिसलं नाही. खऱ्या डेटात सगळेच टक्के खाली ओढले जातील. उत्तरांच्या टेबलात ओळ आहे की नाही, यावरूनही भागत नाही, कारण विचारूनही "यातलं काहीच नाही" म्हणणाऱ्याचीही ओळ नसू शकते आणि तो भाजकात हवाच. त्यामुळे 'विचारलं का' असा वेगळा रकाना लागतो. लेखात तशी दुरुस्ती करतोय, तुमच्या उल्लेखासह.

तेवढ्यात तुमच्या टेबलावर काउंट डिस्टिंक्ट वेट चालवून बघा. जितकी माणसं तितकेच आकडे निघाले, तर राजवाड्यावर पोहे माझ्याकडून, वर शेव-जीरावण मारून.