बॉक्सचा टेप का बदलू दिला नाही: एक तारा देणाऱ्या ग्राहकाला आमचं उत्तर

नमस्कार.

धोकादायक माल पाठवायचे बॉक्स पुरवणाऱ्या आमच्या गोव्यातल्या वेर्णाच्या गोदामात चवथीच्या आदल्या आठवड्यात जे घडलं, त्यावर आपण एक तारा देऊन लिहिलं आहे. आपली तक्रार अशी: बॉक्ससोबतचा टेप संपला, तेव्हा आपण त्याच रुंदीचा तपकिरी टेप आणला, पण आम्ही तो लावू दिला नाही. बाटल्यांना आपल्या कारखान्यातल्या कॅप लावायलाही नकार दिला. त्यामुळे मोपा विमानतळावरचं विमान चुकलं आणि माल एक दिवस उशिरा गेला. "टेपने काय आग थांबणार आहे? स्वतःचा टेप खपवायची ही युक्ती आहे," असं आपण लिहिलंत. प्रश्न रास्त आहे. पुढे हा मजकूर वाचणाऱ्या इतर कारखानदारांनाही तो पडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आपला माल म्हणजे झायलीनमधलं रेझिन. धोकादायक मालाच्या यादीत त्याचा क्रमांक यूएन १८६६, वर्ग ३ (ज्वलनशील द्रव), पॅकिंग ग्रुप तीन (त्यातला कमी धोक्याचा). हा ज्वलनशील द्रव आहे, म्हणून त्याला साधा खोका चालत नाही, यूएन छापाचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नियमांप्रमाणे तपासलेला, ४जी (पुठ्ठ्याचा) बॉक्स लागतो. तो छाप पुठ्ठ्याला मिळतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो बाटली, कॅप, आतली भरण, पुठ्ठा आणि बॉक्स बंद करायची पद्धत या सगळ्यांना मिळून मिळतो. आपण घेतलेल्या बॉक्सच्या छापात 'वाय' हे अक्षर आहे. म्हणजे बाटल्या ९८ टक्के भरून, ठरलेल्या टेपने बंद केलेले पाच बॉक्स १.२ मीटरवरून पाडले गेले: एक तळावर, एक माथ्यावर, एक लांब बाजूवर, एक आखूड बाजूवर आणि एक कोपऱ्यावर. आतला थेंबही गळता कामा नये. शिवाय ३ मीटर उंच थप्पीचा भार चोवीस तास. एवढं सगळं झाल्यावर अहवाल तयार होतो, आणि त्या अहवालात टेपचं वर्णनही असतं. यूएनच्या नमुना नियमांतला ६.१.१.५ हा परिच्छेद बॉक्स बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला बांधून ठेवतो: बंद करण्याची कृती आणि क्लोजरचे (कॅप, टेप वगैरे बंद करायच्या साधनांचे) प्रकार व मापं ग्राहकाला कळवायचीच. आपल्या प्रत्येक ऑर्डरमध्ये आम्ही जो कागद घालतो, तो हाच.

आता आपला टेप. रुंदी तीच, ४८ मिलिमीटर, हे खरं. पण टेपची रुंदी डोळ्याला दिसते. फिल्मची जाडी, गोंदाचा प्रकार आणि पुठ्ठ्यावरची पकड दिसत नाही. कोपऱ्यावर आपटणाऱ्या बॉक्सची झाकणं धरून ठेवायचं काम नेमकं त्याच गोष्टी करतात. काही जण म्हणतात, मग जास्त जाड टेप तरी चालेल ना? तेही गृहीत धरता येत नाही. टेप दणकट असून गोंदाने पुठ्ठ्याचा वरचा कागदच सोलून आला, तर झाकण उघडणारच.

त्यात आपलं हवामान. पुठ्ठ्याच्या चाचण्यांआधी नमुने साधारण २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवतात. श्रावणात वेर्ण्याच्या पत्र्याखाली अशी हवा कुठे मिळते? दमट पुठ्ठा मऊ पडतो, त्याच्या पृष्ठभागावर टेप धड चिकटत नाही. चाचणीत जी सवलत मिळाली ती आपल्याला पावसाळ्यात मिळत नाही, म्हणून मी इथे जास्तच हट्टी असतो.

कॅपचा मुद्दा तर मला टेपपेक्षा मोठा वाटतो. आपल्या कॅपमधली फोमची वॅड (आतली चकती) पाणी किंवा साबणाच्या द्रवासाठी उत्तम आहे. झायलीनमध्ये ती फुगते, मग कॅप कितीही आवळली तरी सील राहत नाही. विमानाने जाणाऱ्या आपल्या वर्गातल्या द्रवाच्या बाटलीने कॅपसकट ७५ किलोपास्कल दाबाचा फरक सोसला पाहिजे. वर हवा विरळ झाली की बाटलीतली वाफ बाहेर ढकलते, आणि तिथे गळती हेरायला कोणी उभं नसतं.

"बदलून काय बिघडतं" याचं एक जुनं उत्तर आहे. ३ नोव्हेंबर १९७३ रोजी पॅन अ‍ॅमचं फ्लाइट १६० हे मालवाहू विमान न्यूयॉर्कहून स्कॉटलंडला निघालं होतं. विमानात धूर भरला आणि बॉस्टनला उतरताना ते कोसळलं. तिन्ही कर्मचारी गेले. मालात नायट्रिक अ‍ॅसिडच्या बाटल्या होत्या आणि भोवती भरण म्हणून लाकडाचा भुसा. गळलेलं अ‍ॅसिड आणि भुसा यांची रासायनिक क्रिया होऊन धूर झाला असावा, असा तपासाचा निष्कर्ष होता. भुसा कुणी वाईट हेतूने घातला नसेल. हाताशी होता, स्वस्त होता, भरणीसारखा दिसत होता.

विमानतळावरच्या मालाच्या काउंटरवर आपला टेप कदाचित कुणी ओळखलाही नसता, हे मी मान्य करतो. स्वीकारणारा माणूस छाप, लेबलं, बाण, कागदपत्रं बघतो. पण शिपर्स डिक्लरेशनवर (माल पाठवणाऱ्याच्या हमीपत्रावर) सही आपली असते, आणि त्या सहीने आपण लिहून देता की माल नियमांप्रमाणे पॅक केला आहे. दुसरा टेप लावल्यावर ते विधान खोटं ठरतं, आणि ते खोटं आहे हे मला माहीत असताना मी बॉक्स पुढे सरकवू शकत नाही. विमान चुकल्याचा त्रास आपल्याला झाला, आपल्या ग्राहकाला उत्तर द्यावं लागलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरी त्या दिवशीचा निर्णय पुन्हा तोच असेल.

टेप खपवण्याबद्दल: तो आमच्याकडूनच घ्या, असं आम्ही कुणालाही सांगत नाही. कागदावर टेपचा प्रकार, रुंदी आणि जाडी छापलेली आहे. तंतोतंत तोच टेप मडगावात किंवा पणजीत मिळाला तर जरूर तिथून घ्या. बाटली-कॅपचंही तसंच.

आणि आपला टेपच वापरायचा असेल तर त्यालाही रस्ता आहे. डिझाइन, साहित्य किंवा बनावट बदलली की चाचण्या पुन्हा होतात. फरक किरकोळ असेल तर सक्षम अधिकारी निवडक चाचण्यांवर मान्यता देऊ शकतो. ती मान्यता मी किंवा आपण गोदामात उभ्या उभ्या देऊ शकत नाही, इतकंच. मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमध्ये या चाचण्या होतात. आपल्या टेपची आणि कॅपची माहिती पाठवलीत तर बॉक्सचे नमुने आम्ही देऊ आणि अर्जाचे कागद तयार करायला मदत करू. पुढच्या खेपेपर्यंत तो अहवाल हातात नसेल, तर दोन रोल जास्तीचे आधीच मागवून ठेवा आणि आपल्या पॅकिंगच्या मुलांना एकदा आमच्याकडे पाठवा. झाकण कसं जुळवायचं, पट्टी बाजूंवर किती उतरवायची, कॅप किती आवळायची, हे त्यांना प्रत्यक्ष करून दाखवतो. त्याचे पैसे नाहीत.